सात नंबरचा डबा

दुपारी दोन वाजता सर्व्हरची डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली, आणि उद्या बर्फ. कॅनडातल्या आमच्या थंडर बेमधल्या शाळेच्या बस किती वाजता येणार हे पालकांना आमच्याकडून कळतं. डिस्क भरली की सूचना अडकतात. आमची साहेब लॉर्ना जाता जाता म्हणाली, "हिल्का, तेवढं साफ कर ना." सव्वीस वर्षं मी तेवढं साफच करतेय. वीट आलाय, स्पष्टच सांगते.

काम तसं अवघड नाही. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे त्यातून काढलेला डबा. डबा बिघडला की टाकायचा, साच्यातून नवा काढायचा. चालत्या डब्यात हाताने काही दुरुस्त केलं, तर नव्यात ते येत नाही. म्हणून डब्यात हात घालायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलाय.

तो मोडल्याचं खापर गार्नेटच्या डोक्यावर फुटलं. आम्ही दोघंच ही यंत्रं बघायचो. गेल्या वर्षी जानेवारीत त्याने नवा डबा चालू केला आणि सात नंबरच्या बसची जुनीच वेळ दिसायला लागली. उणे तीसमध्ये तीन पोरं पाऊण तास रस्त्यावर उभी राहिली. धाकटीची बोटं कशीबशी वाचली. कोणीतरी खरी वेळ जुन्या डब्यातच हाताने घातली होती. "मी नाही घातली. तो डबा बाजूला ठेवलाय, बघ तरी," असं तो म्हणत होता. मी बघितला नाही. त्याच्या विरुद्धच्या अहवालावर सही मात्र केली. तेव्हापासून तो बसडेपोत ब्रेकचे सुटे भाग मोजतो.

बंद डबेही डिस्कवर जागा अडवतात, म्हणून मी त्यांची यादी काढली. एकसष्ट. सगळे एकदम काढून टाकायची आज्ञा लिहिलीही होती, एंटर तेवढं दाबायचं होतं. तेवढ्यात यादीतलं एक नाव दिसलं: 'सात-नंबर-टाकू-नका'. चौदा महिने बंद.

त्यातली वेळांची फाईल बाहेर काढली. शेवटचा बदल तीन नोव्हेंबर. त्या आठवड्यात गार्नेट मूस हरणाच्या शिकारीला रानात होता. परत आल्यावर सगळ्या ऑफिसला मांस वाटलं होतं त्याने. मग आठवलं. एका आईचा फोन आला होता, वेळ चुकलीय म्हणून. मी म्हटलं होतं, आत्ता इथेच बदलते, साच्यात उद्या घालीन.

मला माझीच लाज वाटली. एंटर दाबलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

गार्नेटला फोन लावला. "तीन नोव्हेंबर. मीच होते रे ती."

तो म्हणाला, "चौदा महिने लागले तुला यादी बघायला?"

"तुला माहीत होतं?"

"दोघंच तर होतो, बाई. मी नाही म्हटल्यावर उरलं कोण?"

"मग बोलला का नाहीस?"

"बघ म्हटलं होतं. तू बघितलं नाहीस." त्याने सुस्कारा सोडला. "जाऊ दे. सगळे टाक आणि मोकळी हो. उद्या बर्फ आहे, पोरांचं बघ आधी."

मी ती आज्ञा खोडली. साठ डबे एकेकाचं नाव देऊन काढून टाकले; चार वाजले, पाठ मोडली. डिस्क रिकामी झाली, सूचना सुटल्या. एकसष्टावा तसाच ठेवला आणि लॉर्नाला माझ्या टेबलाशी बोलावलं.

"झालं साफ?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बस जरा. तुला एक दाखवायचंय."