अ‍ॅम्पमधली ऊब

तळघरातल्या तालमीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रमच्या खोक्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या एका काळ्या पेटीला लागले होते. ती पेटी म्हणजे बास गिटारचा आवाज मोठा करणारा जुना अ‍ॅम्प. त्याच्याशेजारी ऊबबाबा डोळे मिटून उभा होता.

"आत्ता हा नुसता वाजतोय," बाबा पुटपुटला. "अजून बोलत नाहीये. वाजव."

बँडमध्ये बास वाजवणाऱ्या खर्ज्याने जाड तार छेडली. ढूंऽऽ.

"आता मी मनाने त्याचा प्राण जागवतो." बाबाने उजवा हात छातीवर ठेवला. डावा हात गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा अ‍ॅम्पच्या मागून फिरवला. जाळीआड जुन्या रेडिओत असायचा तसा काचेचा व्हॉल्व केशरी उजळला होता. "वाजव!"

ढूंऽऽ.

"आहाहा!" बँडची गायिका गाल धरून म्हणाली. "ऊब आली! अंगावर शहारा आला बघ माझ्या."

ड्रमरने तर डोळे पुसले. जिन्यावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"मला नुसतं मोठं झाल्यासारखं वाटलं," खर्ज्या म्हणाला.

सगळी खोली हसली. बाबाही हसला, पण कीव केल्यासारखा. "बाळ, ऊब कानाने ऐकायची नसते. ज्याची पात्रता नाही त्याला आवाज ऐकू येतो, ज्याची आहे त्याला प्राण ऐकू येतो."

असल्या वाक्यांचा बाबाकडे तोटा नव्हता. धंदा विचाराल तर जुन्या वाद्यांचं दुकान. तिथेच हा अ‍ॅम्प खर्ज्याच्या गळ्यात पडला होता. अ‍ॅम्प हायब्रिड, म्हणजे अर्धा जुन्या जमान्याचा आणि अर्धा नव्या: सूर आधी काचेच्या व्हॉल्वमधून जायचा, मग ट्रान्झिस्टर त्याला ताकद द्यायचे. "व्हॉल्व हा याचा आत्मा आणि ट्रान्झिस्टर हा देह," बाबाने सांगितलं होतं. "अशी जोडी आता जन्माला येत नाही." खर्ज्या लहानपणापासून अशा अ‍ॅम्पच्या चित्रांवर जीव टाकून बसलेला. आपला धडधाकट नवा अ‍ॅम्प त्याने बदल्यात देऊन टाकला.

मग सुरू झाली कटकट. अ‍ॅम्प उचलायला दोघे लागायचे आणि उचलल्यावर दोघांच्याही कमरा धरायच्या. पावसाळी हवेत तो घरघरायचा, कोरड्या हवेत खरखरायचा. आत काय झालंय ते बघायची चोरी, कारण व्हॉल्वच्या जाळीवर बाबाने लाखेचं सील ठोकलेलं. "परक्या हाताने जाळी उघडली तर प्राण जाईल!" प्राण एरवीही टिकत नसेच. दर आठवड्याला झोपायचा, मग बाबाला बोलवायचं, दक्षिणा द्यायची. आणि या सगळ्या खटाटोपानंतर जी ऊब बँडला ऐकू यायची, ती नेमकी अ‍ॅम्पच्या मालकाला यायची नाही.

सुरुवातीला खर्ज्या चिडला, वाद घातले. पुढे पुढे तो गप्प बसायला लागला. एवढ्या लोकांना ऐकू येतं, मला नाही, म्हणजे दोष माझ्याच कानांत. वाजवताना तो बिचकू लागला आणि बिचकल्यावर चुकू लागला. शेवटी ड्रमर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण कानच गेले तर बास कसा वाजवणार तू?" बाबाने तत्परतेने तोडगाही काढला. "गिटार माझ्या दुकानात आणून दे. योग्य हाती जाईल."

गिटार देऊन टाकायचं खर्ज्याने ठरवलं. त्याआधी तेवढं ताईकडे जाऊन यावं, म्हणून तो गेला. त्याची थोरली बहीण कानांची डॉक्टर होती.

ताईने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. सगळ्या रुग्णांना सांगायची तेच त्यालाही सांगितलं. "ऐकू आलं तर दाब. नाही आलं तर दाबू नकोस. लाज कसली?"

तपासणी झाल्यावर ती बाहेर येऊन हसायलाच लागली. "कान एकदम ठणठणीत आहेत तुझे. आणि गंमत सांगू? मी अधूनमधून आवाज न सोडताच नुसता हात हलवते. माझा हात हलला की कितीतरी जण बटण दाबून मोकळे होतात. खोटं नाही बोलत ते, त्यांना खरंच ऐकू आल्यासारखं वाटतं. तू एकदाही फसला नाहीस."

"मग ती ऊब मला का नाही येत?"

"तुमच्या बाबाचा हात कुठे हलतो, ते बघायला हवं," ताई म्हणाली.

पुढच्या वेळी ताई तळघरात हजर झाली. खर्ज्याच्या मनातला संशय अजून गेला नव्हता, म्हणून त्याने गिटारची पेटीही आणली होती, बाबाच्या हवाली करायला. बाबा आधीच त्या पेटीवर नजर ठेवून होता.

"बाबा, तुम्ही प्राण मनाने जागवता ना?" ताईने अगदी नम्रपणे विचारलं.

"अर्थात! शुद्ध मनाने."

"मग हात माझ्या हातात द्या. आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करा. डोळे मिटले की ऊब जास्तच जाणवेल, नाही का?"

बाबाने चुळबुळ केली, पण सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? ताईने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. खर्ज्याने तार छेडली.

"हा झोपलेला," ताई म्हणाली. पुन्हा ढूंऽऽ. "आणि हा आत्ता बाबांनी जागवलेला."

"आहाहा!" गायिका भिंतीला सांगू लागली. "काय फरक आहे!"

"अंगात भिनतो सूर अगदी," ड्रमर म्हणाला.

"वळा इकडे," ताई म्हणाली. "बाबांनी अजून डोळेसुद्धा मिटलेले नाहीत. विचारा त्यांना."

मंडळी वळली. बाबा टक्क डोळ्यांनी छताकडे बघत होता. "अश्रद्धेमुळे," तो म्हणाला, "अश्रद्धेमुळे कंपनं बिघडली."

"बिघडली? आत्ताच तर आहाहा झालं!" ताईने त्याचे हात सोडले आणि अ‍ॅम्पच्या मागे हात घातला. बाबा जिथून मायेने हात फिरवायचा, नेमक्या तिथे एक छोटं बटण होतं. तिने ते जरासं पिळलं. "वाजव रे."

ढूंऽऽ! आवाज भरदार झाला. उलटं पिळल्यावर पडला.

"येताना वाढवायचा, निघताना पाठ थोपटून कमी करायचा. थोडा मोठा झालेला सूर कुणालाही जास्त छान वाटतो. माझा भाऊ पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, मोठं झालंय म्हणून."

"पण तो प्राण?" गायिका हिरमुसून म्हणाली. "तो केशरी उजेड तर खरा आहे ना?"

हे ऐकून खर्ज्याचं डोकंच फिरलं. इतके दिवस गिळलेला सगळा संताप त्याच्या हातात उतरला. त्याने अ‍ॅम्पचा खटका बंद केला, सील फोडलं, जाळी उपटली, व्हॉल्व धरून बाहेर ओढला आणि खटका पुन्हा चालू केला.

व्हॉल्व हातात होता. उजेड मात्र तिथेच होता, रिकाम्या खोबणीच्या तळाशी चिकटवलेल्या बारक्या दिव्याचा.

"हात लाव याला," तो गायिकेला म्हणाला. "चालू व्हॉल्व तापतो. हा इतका वेळ आत होता आणि थंडगार आहे. कधीचाच मेलाय हा." त्याने तार छेडली. ढूंऽऽ. आत्म्याविना देह जसाच्या तसा वाजत होता, कारण बाबाने व्हॉल्वला वगळून परस्पर तार जोडून दिली होती.

बाबाने जिना गाठला. जाताना "नास्तिक लेकाचे" असं काहीतरी म्हणाला, पण कुणी ऐकलं नाही.

"काही म्हण," ड्रमर चाचरत म्हणाला, "जागवल्यावर मला खरंच बरं वाटायचं रे."

"तुला बरं वाटायचं आणि मी बहिरा ठरायचो!" खर्ज्या ओरडला. "इतक्या जणांत एकालाही म्हणता आलं नाही, की बाबा, मला काही ऐकू येत नाहीये?"

मग गायिका मान खाली घालून म्हणाली, "पहिल्यांदा मला पण काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही सगळे माना डोलवत होतात."

ड्रमरने तिच्याकडे पाहिलं. "मी तुझ्याकडे बघून डोलवत होतो."

बाबाची सगळी विद्या ती एवढीच. मागचं बटण आणि तळाचा दिवा ही नुसती हत्यारं. खरं काम शेजाऱ्याकडे बघून डोलणाऱ्या मानांनी केलं. तेव्हा वाचकहो, चमत्कार अ‍ॅम्पमधला असो, औषधातला असो की कुणाच्या अंगात आलेला असो, दाखवणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघा. आणि सगळ्यांना ऐकू येतंय, तुम्हालाच येत नाहीये असं झालं, तर आपल्या कानांवर संशय घेण्याआधी मोठ्याने तसं सांगून बघा.

गिटारची पेटी दाराशी तशीच राहिली, रिकामी. खर्ज्याने मागचं बटण हवं तेवढं पिळलं आणि जिन्याकडे पाठ करून वाजवायला बसला.

"आता कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

ड्रमरने सवयीने गायिकेकडे पाहिलं. ताईने तिथल्या तिथे त्याची मान सरळ केली.

"तिच्याकडे नको बघूस. ऐकू आलं तर सांग. नाही आलं तर नाही म्हण. लाज कसली?"