वरून घालायचं पातं

शिडं शिवणाऱ्या शीडवालीच्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचं वेड घेतलं होतं: बोट पाण्यातून उचलायची. फार नाही, हातभर. कॅटमरानचे, म्हणजे जोडबोटीचे, दोन्ही निमुळते सांगाडे वेगात असताना पाण्याबाहेर यायला हवेत आणि पाण्यात फक्त पाती उरायला हवीत. पातं म्हणजे सांगाड्याच्या खाचेतून खाली सोडायची लांब फळी. सगळ्यांची सरळ असायची, यानं टोकाशी वाकवली.

एवढं वाकडं पातं खालून घालणं सोपं. पण शर्यतीतल्या त्याच्या बोटीच्या वर्गाचा नियम आडवा आला: पातं वरूनच घालता आलं पाहिजे. पैसेवाल्यांनी पाण्याखाली महागडे पंख लावून शर्यत खिशात घालू नये म्हणून केलेला नियम. हा त्याला शिव्या मोजायचा आणि पुन्हा त्याच्यावरच खूश असायचा. "नियम नसता तर मी डोकं कशाला चालवलं असतं?" म्हणायचा. बरीच पाती भंगारात गेली, तेव्हा कुठे पातं तिरपं धरून, गिरकी देत वरून उतरवायची युक्ती त्याला सापडली.

आणि नेमका तेव्हाच छातीनं दगा दिला. वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेली फायबरची धूळ, दुसरं काय! पात्यांची शेवटची जोडी बायकोनंच फायबरचं कापड आणि रेझिनचा चिकट रस घेऊन साच्यात घातली. शेजारच्या खोलीत पडल्या पडल्या तो ओरडायचा, "कापड ताण! रेझिन कमी घे!" निम्मं खोकल्यात जायचं. दिवस थोडे राहिलेत, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. या शर्यतीत त्याला बोट उठलेली दिसावी, बाकी तिचं देवाकडे काही मागणं नव्हतं.

शर्यतीआधी बोट नियमात बसते का ते तपासणाऱ्या मोजणीच्या आदल्या दुपारी, तो झोपलेला असताना, तिनं पातं घालून पाहिलं. गिरकी दिली, दाबलं, चरफडली. टोक खाचेत अडकायचं ते अडकायचंच. तिच्या लक्षात आलं. शिडाच्या कोपऱ्यांना कापडाचे जास्तीचे थर लावायची तिच्या हाताला सवय. मजबुती यावी म्हणून तिनं न विचारता पात्यांच्या टोकांनाही लावले होते.

मोजणीदार म्हणजे तिचा दीरच. सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. ती त्याच्याकडे धावली.

"भाऊजी, उद्या जरा काणाडोळा करा ना. तुमच्या दादासाठी."

"वहिनी, दुसऱ्या कुणासाठी केला नाही," तो खाली बघत म्हणाला, "दादासाठी केला तर त्यालाच आवडायचं नाही."

ती परत आली. शिडात जास्तीचं झालं की कापतात. तिनंही करवत घेतली आणि दोन्ही पात्यांची टोकं कापली. कडा घासल्या, रेझिननं बुजवल्या. दुसऱ्या दिवशी पाती वरून अलगद उतरली. फूटपट्टीनं सही केली आणि डोळे पुसले.

शर्यतीला नवऱ्याला खुर्चीत घालून धक्क्यावर आणलं. बोट चालवणाऱ्या पुतणीनं ती वाऱ्यावर घेतली. वेग आला, फेस उडाला, एक सांगाडा किंचित हलल्यासारखा वाटला. बस, तेवढंच. बोट चारचौघींसारखी धावली आणि मधल्याच कुठल्यातरी नंबरावर आली.

त्यानं बोटीवरची नजर काढली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "सगळा जन्म चुकीच्या गोष्टीमागे घातला. साचा फोडून टाक."

गप्प बसली असती तर ती वाचली असती, पण तो? त्याला असं जाऊ देणं तिच्यानं होईना. तिनं सगळं सांगितलं: थर, करवत, सगळं.

"किती कापलंस?"

"चार बोटं."

"अगं, थर घासून काढायचे! टोकच तर उचलतं." आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे उठली असती!"

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. तिनं रागाची तयारी ठेवली होती. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"उठली असती गं. पुढच्या मोसमात नवी पाती घालू. या वेळी मी स्वतः घासतो."

डॉक्टरांचं बोलणं गिळून ती म्हणाली, "साचा नाही फोडत."