खाडीतली सरळ रेघ

माघातले आभाळ धुतलेल्या शंखासारखे होते. शुभ्र, निरभ्र, निःशब्द. त्या आभाळाच्याही वर, वाऱ्याच्या वर, घारींच्या घिरट्यांच्या वर, एक उपग्रह आपल्या एकाकी कक्षेतून चालला होता, आणि त्याच्या निर्विकार नेत्रात कोकणचा किनारा क्षणभर उमटत होता. निळाकाळा सागर. रुपेरी पुळण. आणि भूमीच्या अंगात खोल शिरलेल्या, जलमय, वळणावळणाच्या खाड्या.

त्यातल्या एका खाडीचे नाव कालवखोल.

तिथून दूर, पुण्यातल्या एका कार्यालयात, चैताली तारी पडद्यासमोर बसली होती. किनाऱ्याची जंगले राखणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला होती. उपग्रहांनी टिपलेली चित्रे वाचणे हे तिचे काम. खारफुटी कुठे फोफावली, कुठे आटली, कुठे तिच्यावर कुऱ्हाड पडली, हे ती आभाळाच्या उंचीवरून ओळखत असे, आणि दर माघात, धुके निवळले की, साऱ्या किनाऱ्याचा नकाशा नव्याने रेखत असे.

तिचे वडील जयवंत तारी यांनी आयुष्यभर कालवखोलच्या खाडीत तर, म्हणजे उतारू नेणारी होडी, चालवली होती. उतारूंपैकी कुणी विचारलेच, की मुलगी पुण्याला काय करते, तर ते वल्हे न थांबवता सांगत, "माझा चेडू आभाळातसून झाडां बघता." आणि मग पुढचा तीर येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर एक मंद ऊन रेंगाळत राही.

चैतालीच्या पडद्यावर अरण्ये हिरवी नसत. लाल असत. हिरवे पान एक अदृश्य प्रकाश आभाळाकडे परत फेकते. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, उपग्रहाला दिसतो, आणि चित्रात त्या अदृश्याला लाल रंग दिला जातो. पान जितके निरोगी, तितका लाल गडद. जास्वंदीचा लाल. कुंकवाचा लाल. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तळव्याचा लाल. तिच्या जगात लाल म्हणजे श्वास होता.

त्या सकाळी तिने गेल्या माघातली कालवखोल उघडली. शेजारी या माघातली.

आणि तिने दोन्ही चित्रे मोठी केली.

खाडीच्या वळणात, जिथे गेल्या वर्षी लालीचा दाट ताटवा पसरला होता, तिथे राख होती. करडी, सपाट, निस्तेज राख. तिला वाटले, ढगाची सावली असेल. ढग नव्हता. वाटले, चित्रच बिघडले असेल. तिने आठवड्यापूर्वीचे चित्र काढले. राख. त्याआधीचे काढले. राख.

राखेच्या आणि लालीच्या मधोमध एक सरळ रेघ होती.

खाडीला सरळ रेघ ठाऊक नसते. पाणी वळते, चिखल वळतो, मुळे वळतात, वाटाही वळतात. सरळ रेघ माणसाचा हात काढतो. आणि त्या रेघेच्या टोकाशी, माडांच्या झुबक्यात, एक कौलारू ठिपका होता, इतका इवलासा की दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. तो ठिपका चैतालीचे घर होते.

वर्षभर, दर रविवारी, फोनवर बाबा म्हणत आले होते, "सगळा बरा असा."

आभाळातून जे दिसले, ते जमिनीवर जाऊन पडताळावे लागते. तिच्या कामाचा तो धर्म. ती गावी निघाली. एसटीतून उतरली ती घराकडे वळलीच नाही. पाठीवरच्या पिशवीसह, हातातल्या यंत्रावर अक्षांश-रेखांश पाहत, सरळ खाडीच्या वळणाशी जाऊन उभी राहिली.

तिथे अरण्य उभे होते, आणि अरण्य नव्हते.

उभी होती ती हाडे. पांढुरकी, पर्णहीन, सालीविना सोललेली हाडे. ज्या चिपीच्या झाडाच्या फांद्यांवर ती लहानपणी लोंबकळली, त्या फांद्या हात लावताच मोडल्या, कोरड्या, हलक्या. खाली चिखल तडकून त्याच्या खापऱ्या झालेल्या. त्या खापऱ्यांतून वर आलेली श्वासमुळे, हजारो, लाखो, बुडणाऱ्या माणसाच्या बोटांसारखी ताठ, आणि कोणत्याही बोटात जीव नाही.

ती कान देऊन उभी राहिली. ओल्या चिखलाला आवाज असतो. खेकड्यांची टकटक, निवट्या माशांची उडी, बुडबुड्यांचे बारीक बारीक फुटणे. त्या आवाजात ती वाढली होती. आता तिथे काहीच वाजत नव्हते. एक बगळा आला, उतरला, त्याने इकडेतिकडे पाहिले, आणि चोच न बुडवता उडून गेला.

तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. फार मोठ्या धक्क्यात पाणीही वाट विसरते. ती फक्त पाहत राहिली, आणि तिच्या हातातले यंत्र, आज्ञाधारकपणे, त्या मरणाची जागा नोंदवत राहिले.

मग तिला ती रेघ दिसली. जांभ्याच्या दगडांची, मातीने लिंपलेली, छातीइतक्या उंचीची. बांध. एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत, अखंड. भरतीला आत शिरायला कुठेही फट नव्हती. बांधापलीकडे खाडी भरली होती, हिरवीगार कांदळे, खारफुटीची जिवंत झाडे, पाण्यात डुलत होती. बांधाअलीकडे हा अस्थींचा मेळा. मधे हातभर दगड.

"इलंस काय गो?"

बांधावरून जयवंत चालत येत होते. डोक्याला पंचा, पाय चिखलाने भरलेले, आणि चेहऱ्यावर तेच मंद ऊन. कुणीतरी त्यांना एसटी थांब्यावरून निरोप दिला असावा. हातात पाण्याचा तांब्या होता.

"ह्यो बांध कोणी घातलो, बाबा?" तिने विचारले. स्वतःचाच स्वर तिला परका वाटला.

"मिया," जयवंत म्हणाले. अभिमान त्या एका शब्दात मावत नव्हता. "मिया नि वाडीतल्या सगळ्यांनी. तुका एकदम दाखवूया म्हणान सांगूक नाय. आधी ह्या पी."

त्यांनी तांब्या पुढे केला. ती यंत्रवत प्यायली.

पाणी गोड होते.

गोड, थंड, निर्मळ. ज्या विहिरी दोन पावसाळ्यांपूर्वीच्या वादळात समुद्राने बाटवल्या होत्या, ज्यांच्या खारट पाण्याने आईचे पाय सुजत गेले, ज्यांच्यामुळे वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन टेकडीपलीकडे जात होत्या, त्याच विहिरींचे हे पाणी. भरती अडवली, आणि विहिरी निवळल्या. गोडव्याचा तो घोट घेऊन चैतालीने तांब्या परत दिला.

"बाबा," ती म्हणाली, "झाडां?"

जयवंतांनी त्या पांढऱ्या रानाकडे पाहिले नाही. गेले कित्येक महिने ते पाहत नव्हते, हे तिला तेव्हा कळले. "पानां झडली," ते हळू म्हणाले. "पावसात फुटतली असा वाटला माका." डोक्यावरचा पंचा सोडला. "फुटली नाय."

"माका फोनवर सांगूचा होता."

"कसा सांगू?" ते म्हणाले. "तुझा काम झाडांचा."

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. पुण्याहून मृणालताई बोलत होत्या, तिच्या वरिष्ठ; त्यांनीच तिला नकाशे वाचायला शिकवले होते. अहवाल जायचा होता, आणि फक्त कालवखोलचा पट्टा कोरा होता.

"चैताली, तो भाग ढगाखाली आहे का गं?" त्यांनी विचारले. "तसं असेल तर ढग म्हणून नोंद कर. पुढच्या वर्षी पाहू."

त्यांना काहीच माहीत नव्हते. त्यांचा प्रश्न साधा, नित्याचा होता. जे ढगाखाली असते ते वगळले जाते. त्याला कुणी जाब विचारत नाही, त्याच्यामागे कुणाची चौकशी लागत नाही. एक ढग. कापसाचा, रेशमाचा, मायेचा ढग. तो बांधावर ओढून घ्यायचा, बाबांवर ओढून घ्यायचा, आणि वर्षभर कुणाला काही दिसणार नाही.

चैतालीने वर पाहिले. आभाळ निळे होते, निर्दय निळे, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत.

"नाही ताई," ती म्हणाली. "आभाळ स्वच्छ आहे. पट्टा मेलाय. सगळा. भरती अडवलीय." आणि मग, श्वास घेऊन, "बांध माझ्या बाबांनी घातलाय."

खाडीचे पाणी दगडांवर चपचप करत राहिले.

"का घातला?" मृणालताईंनी विचारले.

तिने विहिरींचे सांगितले.

"मग विहिरींचंही लिही," त्या म्हणाल्या. "झाडांइतक्याच ठळकपणे. अर्धं सत्य पाठवू नकोस, कुठलंच अर्धं."

जयवंत हे सारे ऐकत उभे होते. शब्द त्यांना अर्धेमुर्धे कळले, पण मुलीने आपले नाव घेतले, हे पुरते कळले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू आभाळातसून काय बघतंस, ता दाखव माका."

ती बांधावर बसली. मांडीवर संगणक उघडला. बाप शेजारी बसला, ओल्या पायांचा, उन्हाने भाजलेला, ज्या खाडीत जन्म काढला ती आभाळातून कधीच न पाहिलेला.

"ह्या लाल काय गो?"

"जिती झाडां."

त्यांचे बोट पडद्यावर हळूहळू सरकले. जसे ते अंधारात खडक चुकवत तर नेत, तसे सरकले. समुद्रमुखापासून, पुळणीवरून, कांदळांच्या लालीतून, वळणापर्यंत. तिथे सरळ रेघ आली. बोट रेघ ओलांडून पलीकडे गेले आणि राखेत थांबले.

 

बाजूने, खालून, तीरावरून, एकेक झाड मेलेले त्यांनी पाहिले होते. आणि एकेका झाडाला कारण असते, कीड असते, वय असते, प्रारब्ध असते. पण अखंड रान, एका दृष्टीत, एका तळहाताएवढे, आपल्याच हाताने राख झालेले त्यांनी आज पाहिले. त्यांना बोट उचलवेना. चेहऱ्यावरचे ते ऊन कुठे गेले ते चैतालीला दिसलेच नाही. एवढेच दिसले, की वडील एकाएकी फार म्हातारे झाले आहेत.

"एवढा?" शेवटी ते म्हणाले. "एवढा सगळा?"

संध्याकाळी वाडी जमली. सुलोचना धुरी, ज्यांच्या सुनेने हंडा वाहताना पोटातले मूल गमावले होते, त्यांनी चैतालीला थेट विचारले, "परत खारा पाणी पिवचा काय आमी? तुझ्या झाडांसाठी?" कुणी खाली पाहिले, कुणी बिडी विझवली. उत्तर शोधायला चैताली पुण्याला परतली.

जमिनीची उंची मोजणारी चित्रे तिने धुंडाळली. भरती कुठवर चढते, पाणी कुठे वळते, विहिरींच्या झऱ्यांना समुद्र कुठून शिवतो. आणि त्या उंचसखल, धूसर, रात्रंदिवस न्याहाळलेल्या छायांमधून तिने एक नवी रेघ काढली. ही सरळ नव्हती. ती घरांच्या मागून, विहिरींना कवेत घेत, खाडीला तिचे वळण परत देत, नागमोडी जात होती. अहवाल गेला. प्रश्न आले, माणसे आली, तपासणी झाली, जयवंतांनी प्रत्येकाला एकच सांगितले, "मिया घातलो. मियाच काढतलंय."

फाल्गुन-चैत्रात वाडीने नवा बांध घातला. सगळ्या विहिरी वाचल्या नाहीत. खालच्या अंगाची एक खारीच राहिली, आणि ती सुलोचनाबाईंची होती. शेजारच्या विहिरीवर त्यांचा हंडा रोज पहिला भरला जाऊ लागला, एवढेच.

वैशाखाच्या अमावास्येला, उधाणाच्या भरतीच्या आधी, जुना बांध फोडला. पहार पहिल्यांदा जयवंतांनी मारली. जांभ्याचा एक दगड निखळला, मग दुसरा, मग मातीचा लगदा, आणि मग वाडीचे सारे हात. फट रुंद झाली. सगळे मागे सरले. जयवंत तिथेच उभे राहिले, मेलेल्या रानाच्या बाजूला, कोरड्या खापऱ्यांवर.

भरती आली.

ती गर्जत आली नाही. आधी एक ओली जीभ, मग एक ओघळ, मग एक सळसळते, काळेनिळे, फेसाळ वस्त्र. तडकलेल्या चिखलाने पहिला घोट घेतला तेव्हा साऱ्या रानातून एक दीर्घ सुस्कारा निघाला. फटीफटींतून अडकलेला वारा वर येत होता. पाणी घोट्यांना लागले. गुडघ्यांना लागले. अस्थींच्या बुंध्यांतून मार्ग काढत, प्रत्येकीला शिवत, एकीलाही न जागवत, पुढे गेले.

चैताली तीरावरून पाहत होती.

मग बांधापलीकडच्या जित्या कांदळांवरून, भरतीच्या पाठीवर, शेंगा आल्या. लांब, हिरव्या, टोकदार शेंगा. झाडावरच अंकुरलेल्या, रुजायला जागा शोधत निघालेल्या. एक आली. चार आल्या. पाण्यावर आडव्या तरंगत, भोवऱ्यांत गिरक्या घेत, मेलेल्या बुंध्यांना धडकत, सुटत, पुन्हा धडकत.

पाणी जयवंतांच्या छातीपर्यंत चढले होते. एक शेंग त्यांच्या छातीला येऊन टेकली. मग दुसरी. मग आणखी काही, त्यांच्या दंडांशी, बरगड्यांशी, पाठीशी. शेंगांना जयवंत एक झाडच वाटले असावेत.

ते हलले नाहीत. दोन्ही हात पाण्याखाली, पापणी न लवता, थक्क, स्तब्ध, ते उभे राहिले. आणि त्यांच्याभोवती, काळ्या पाण्यावर, हिरवे हिरवे, गोळा होत राहिले.