शीतलबाबांचा हिरवा दिवा

अग्निसुरक्षेचे दाखले देणारे साहेब, या चौदा मजल्यांत माणसं होरपळली असती, तर पहिला आरोपी तुम्ही असता. तुम्ही आलात, तळमजल्यावरचा हिरवा दिवा पाहिलात, चहा प्यालात आणि सही ठोकून गेलात. आता त्या दिव्याची गोष्ट ऐका.

रविवारी सकाळी आगीच्या घंटेच्या पॅनेलसमोर अख्खी इमारत हात जोडून उभी होती. वर्षापूर्वी हेच पॅनेल पिवळा दिवा लावून सतत केकाटायचं. मेकॅनिक म्हणाला होता, पाचव्या मजल्यावर भिंतीतली तार तुटली आहे, भिंत फोडावी लागेल. अध्यक्षांनी भिंत फोडायची सोडून शीतलबाबांना आणलं. बाबा पडदा लावून पाऊण तास पॅनेलशी एकांतात बसले. पडदा सरला तेव्हा दिवा हिरवा आणि पॅनेल गप्प. इमारतीचा दाह आपण शोषून घेतला, असं बाबांनी घाम पुसत सांगितलं. स्वतःचा घाम मात्र त्यांना शोषता आला नव्हता.

नवव्या मजल्यावरच्या तारवालीच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती. ती रेडिओ दुरुस्त करायची. तिचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. घंटा वाजली की त्यांना खुर्चीसकट खाली न्यायचं, असं शेजारच्या दोघा भावांनी कबूल केलं होतं. म्हणजे म्हाताऱ्याचा जीव त्या घंटेवर.

तिने तपासणीची वही मागून घेतली. नियम असा की दर महिन्याला प्रत्येक मजल्यावर धूर सोडून घंटा वाजते का ते पाहायचं. वहीत चौदाही मजल्यांवर बरोबरच्या खुणा होत्या, एकाच पेनाच्या, एका दमात केलेल्या. सहाव्या मजल्यावरचं धुराचं यंत्र ज्या खोलीत, ती तर सहा महिने कुलूपबंद, मालक परगावी. धूर काय किल्लीच्या भोकातून सोडला? अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, बाबांनी तपासायची गरजच ठेवलेली नाही.

म्हणून त्या रविवारी, बाबा पॅनेलच्या पूजेला आले असताना, ती शिडी घेऊन आली.

"परीक्षा घेऊ नकोस, पोरी," बाबा म्हणाले. "शक्ती रुसते."

"रुसू दे. वडील रुसले की मी समजूत काढते, शक्तीची तुम्ही काढा."

शिडीवर चढून तिने छतावरचं धूर ओळखणारं यंत्र फिरवून काढलं आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं. असं केलं की पॅनेलने बोंब मारायला हवी. दिवा हिरवाच.

"डोळा उपटून हातात दिला, तरी हे म्हणतंय सगळं दिसतंय," ती म्हणाली.

तिने पॅनेलचं झाकण उघडलं. पॅनेल तारेतून बारीकसा प्रवाह पाठवतं. शेवटच्या टोकाला, चौदाव्या मजल्यावर, एक रंगीत पट्ट्यांचा तुकडा असतो. त्यातून प्रवाह परत आला की पॅनेल समजतं, तार शाबूत आहे. तो इवलासा तुकडा इथे, पॅनेलच्या पोटातच जोडलेला होता. वर जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवून चिकटपट्टीत गुंडाळलेल्या. पॅनेल वर्षभर स्वतःशीच बोलत होतं.

दोघा भावांपैकी थोरला पुढे झाला. "म्हणजे आम्ही घंटेची वाट पाहत बसलो असतो, आणि काका वर..."

बाबा मागच्या दाराने शीतलपणे निसटले.

तिने तुकडा काढून तारा जोडल्या. पॅनेल पुन्हा पिवळं झालं, केकाटू लागलं. कुणीतरी कानांवर हात ठेवले. अहो, ऐका ते! यंत्र तक्रार करतंय म्हणजे ते जिवंत आहे. गप्प यंत्राला नमस्कार करू नका. त्याच्यापुढे धूर करा, नि मग विश्वास ठेवा. त्यासाठी बाबा लागत नाही, शिडी लागते.

पण पाचव्या मजल्यावरची भिंत अजून फुटलेली नाही, म्हणजे तिथून वरचा धूर पॅनेलला अजूनही कळत नाही. "सरकारी दाखला वैध आहे, मग भिंत कशाला फोडायची?" असं अध्यक्ष विचारतात. तारवालीने तुमच्या कचेरीत अर्ज देऊन अकरा दिवस झाले. म्हातारा नवव्या मजल्यावरच आहे.

साहेब, दाखला रद्द कधी करताय? तारीख सांगा.