टेबलावर राहिलेली काठी

मी एक जुनी, खोटी काठी आहे. मित्रांनो, खोटी म्हणजे नाटकातली. माझ्या आत लाकूड नाही, फोम आहे. एका नटाच्या बायकोने मला घरी बनवले. शेजारी खरी काठी ठेवून तिने माझ्यावर तशाच गाठी काढल्या, तसाच रंग दिला. "अगं, मलाच ओळखू येईना," नट म्हणाला. ती म्हणाली, "तुम्हाला स्वतःचा चष्मा तरी कुठे ओळखू येतो?"

नाटकात तो बायकोला मारणारा नवरा होता. आधीचे अंक तो खरी काठी टेकत वावरे, कारण लाकडाची ठकठक ऐकू यायला हवी. शेवटच्या अंकाआधी दिवे मालवत आणि तो विंगेत येऊन हात पुढे करी. वहिनी (त्याच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणत) त्याच्याजवळची खरी काठी काढून घेई आणि मला त्याच्या हातात देई. मग मी नटीच्या पाठीवर पडे आणि पडद्यामागे कोणीतरी फळीवर फळी आपटे. नटीला फार तर गुदगुल्या होत.

मला भीती वाटे ती समोरच्या अंधाराची. मी उगारली गेले की तिथे काही जण हसत, टाळ्या वाजवत. त्या दिवशी नटाला घास जात नसे. वहिनी त्याला स्पष्ट सांगे, की मारणाऱ्याचा रुबाब दिसतोय, मार दिसत नाही. म्हणजे काम अजून कच्चंच आहे.

मग वहिनी वारली. तिच्या जागी कोणी नको, सामान मीच बघेन, असे त्याने सांगितले. त्याला समजवायची कोणाची छाती झाली नाही.

एका प्रयोगात शेवटच्या अंकाआधी दिवे मालवले, तो विंगेत आला आणि सवयीने त्याने हात पुढे केला. हात तसाच राहिला. मग त्याने त्याच हाताने डोळे पुसले आणि तो रंगमंचावर गेला. दुसऱ्या हातात खरी काठी होती. मी विंगेतल्या टेबलावरच होते.

मित्रांनो, मला तोंड नाही. नटी नवी होती, त्याच्या मुलीच्या वयाची. त्याच्याकडे पाठ करून, मान खाली घालून निर्धास्त बसली होती. काठी वर गेली. समोरून कोणीतरी ओरडले, "हाण!" लोक हसले.

फळी वाजली. नटी ठरल्याप्रमाणे किंचाळली. पण काठी वरच होती.

काठीच्या वजनाने तो थांबला की त्या आरोळीने, मला ठाऊक नाही. तो पुढे आला आणि काठी त्याने लोकांसमोर आडवी धरली. "ही खरी आहे," तो म्हणाला. "ज्याला हाणायचंय त्याने वर यावं."

कोणी उठले नाही. नटीने वळून काठी पाहिली आणि तिचा हात आपल्या मानेकडे गेला.

पडदा पडल्यावर तो तिच्याजवळ खाली बसला. "पोरी, यापुढे काठी तू स्वतः दाबून बघ. माझ्यावर विसंबू नकोस."

"बघेन, काका," ती म्हणाली. पण ती त्याच्यापासून थोडी सरकून बसली.

मित्रांनो, हात उगारण्याआधी त्यात काय आहे ते बघा. आणि टाळी वाजवण्याआधी मार कोणाला बसतोय तेही बघा. आता ती नटी मला रोज दाबून बघते. तरी तिने मान खाली घातली, की मला समोरच्या हसण्याची धास्ती वाटते.