लाल रेघेच्या अलीकडे

मी गेज बोलतोय. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमागे बसलेला, वाटीच्या बुडाएवढा. इंजिनातलं पाणी किती तापलं, एवढंच मला सांगता येतं. पण तेवढं मी तोंडावर सांगतो, म्हणून माझं फारसं कोणाशी जमत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतं ते इंदूरच्या एका भंगाराच्या दुकानातलं, गंजलेल्या नटबोल्टांच्या डब्यात पडून राहणं. तिथून मला बाळकृष्णरावांनी उचललं.

बाळकृष्णराव मिलमधले फिटर. मिलला टाळं लागल्यावर बरेचजण रोज फाटकापाशी जाऊन बसायचे. यांनी मात्र म्हातारा ट्रॅक्टर घेतला. सांवेर रोडवर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, त्यांच्या पायाला मुरूम लागायचा. जयसिंगराव ठेकेदारांनी मुरूम ओढायचं काम दिलं, पण ट्रॅक्टर वरचेवर उकळून वाटेतच बसायचा.

जयसिंगराव शेवटी म्हणाले, "बाळूभिया, तुमच्या मेहनतीत कमी नाही. लेकिन आता एकदा जरी हा रस्त्यात उभा राहिला ना, तर मी दुसरा ट्रॅक्टर लावीन."

बाळकृष्णराव काही हातपाय गाळून बसणारे नव्हेत. मला घरी आणून त्यांनी माझ्या नळीचं टोक थेट चहाच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात बुडवलं. त्यांच्या पत्नी मंगलाबाई चिडल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण माझा काटा बरोबर शंभरावर थांबला तेव्हा त्यांनीच नेलपॉलिशची बाटली आणून दिली. तिच्यातल्या रंगाने शंभराच्या जरा अलीकडे माझ्या काचेवर लाल रेघ ओढली गेली. काट्याने ती ओलांडायची नाही, असं ठरलं.

मग डॅशबोर्डच्या चिंधी कोंबलेल्या भोकात मी बसलो. माझी बारीक नळी सायलेन्सरपासून लांबून नेली, टोक इंजिनाच्या हेडमध्ये आवळलं. समोरची जाळी काढून रेडिएटर धुतला, त्यातून चहाच्या रंगाचा गाळ निघाला. फुगलेला पाइप बदलला, पंख्याचा पट्टा ताणला. भरल्या ट्रॉलीनिशी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चक्कर झाली. काटा रेघेपासून चांगला दूर होता. मला तर वाटलं, माझं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मिलमध्ये या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची, तशी ट्रॅक्टरची झाली. जाळी पुन्हा बसली, आणि तिच्यावर पूर्वीपासून असलेली पाटीही. मिल बंद झाली तेव्हा बाळकृष्णराव आपल्या खात्याची पत्र्याची पाटी मागून घेऊन आले होते. निळ्यावर पांढरी अक्षरं, 'फिटर खाता'. ती पुसून, हार घालून त्यांनी हात जोडले.

दसरा झाल्यावर पहिली खेप निघाली आणि वाटेतल्या पुलाच्या चढावर माझा काटा वर सरकू लागला. मी खोटं कसं बोलणार? रेघेला टेकता टेकता कसेबसे साइटवर पोचलो. दुपारी घरी येऊन बाळकृष्णरावांनी पट्टा पाहिला, पाइप पाहिला, सगळं ठीक होतं. अजून एक खेप बाकी होती.

चहा घेऊन आलेल्या मंगलाबाईंनी विचारलं, "धुतला त्या दिवशी तर एकदम ठीक चालला ना? त्यानंतर तुम्ही काय लावलं याला?"

बाळकृष्णरावांनी जाळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाटी."

"मग हवा कुठून जाईल, अहो? मिल बंद झाली. आता हा तरी चालू राहू द्या."

ते उठले, पाना घेतला आणि पाटी उतरवली. मला वाईट वाटलं. माझ्याच काट्याने हे करायला लावलं होतं. पण दुपारची खेप पूल चढून गेली आणि काटा रेघेच्या अलीकडेच राहिला. साइटवर जयसिंगरावांनी वाफ दिसते का ते वाकून पाहिलं आणि उद्या लवकर यायला सांगितलं.

आता मी जुना झालोय, काच पिवळी पडलीय. ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. चढावर माझ्याकडे एकदा बघत जा. काटा चढला तर सावलीत थांबा, रेडिएटरचं टोपण लगेच उघडू नका. आणि समोरची हवा कशानेही अडवू नका, ते कितीही प्रिय असलं तरी.

ती पाटी आता ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर आहे. मागून येणारे मिलचे जुने लोक ती वाचतात, ओळखीचा हॉर्न देतात. बाळकृष्णराव हात वर करतात, पण वळून बघत नाहीत. ते माझ्याकडे बघत असतात.