दोन्ही टोकं

"आठ," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "आता सात. मग सहा. पाच..."

"आई, थांबा. उलटा धरलाय तुम्ही."

"काय उलटा धरलाय? दिव्यांशेजारी आकडे छापलेत. मी डोक्यावर उभी राहिले तरी आठाचा एक होणार आहे का?"

वायरवाला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, रिकाम्या खोक्यांच्या खोलीत, भिंतीवरच्या लोखंडी पेटीसमोर स्टुलावर बसला होता. त्याच्या हातातल्या टेस्टरवर एक, दोन, तीन असे दिवे ओळीने लागत होते. टेस्टरचा दुसरा, लहान भाग खाली सासूबाईंच्या हातात होता. दोन्हींच्या मधे कॉम्प्युटरची एक केबल, तिच्यात आठ तारा. वर एकचा दिवा लागला की खालीही एकचाच लागायला हवा. खाली एखादा लागलाच नाही तर आतली तार तुटलेली, आणि क्रम चुकला तर प्लगमध्ये तारा इकडच्या तिकडे. एवढं त्याने सकाळीच सासूबाईंना समजावलं होतं. पण आठापासून सुरू होऊन एकावर संपणारी केबल त्याने स्वतःही आजवर पाहिली नव्हती.

"पुन्हा एकदा बघता का?"

"पाहिलं. उलटी उजळणी चाललीय. उंटावरून शेळ्या हाकू नका, खाली येऊन बघा."

दवाखाना डोळ्यांचा. तिथे नुकतंच रंगकाम झालं होतं. रंगाऱ्यांनी भिंती झकास रंगवल्या आणि त्या नादात पेटीतल्या सगळ्या केबली हिसडून काढल्या. कुठली केबल कुठे जाते त्या चिठ्ठ्यांवरही रंग फासला. वायरवाल्याने सकाळी आल्या आल्या वरची मोडकी टोकं एकजात कापून टाकली आणि नवे प्लग बसवले. आता खालच्या एकेका टेबलामागे टेस्टर लावून बघायचं, एवढंच उरलं होतं.

एवढंच, पण ते दोघांचं काम. इतकी वर्षं दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको. तो वर, ती खाली. टेस्टरच्या दोन भागांना थोरला आणि धाकटा ही नावं तिनेच ठेवलेली. ती गेल्यापासून त्याने असलं मोठं काम घेतलं नव्हतं. हे घेतलं, कारण या दवाखान्याची वायरिंग त्या दोघांनी मिळून केली होती. त्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावावा असं त्याला वाटेना.

सासूबाई आज आल्या त्या आपणहून. लेकीच्या आजारपणात त्या तिचं करायला म्हणून आल्या होत्या. लेक गेली, त्या राहिल्या. तेव्हापासून एका घरात ती दोघं एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून जपून वावरत होती. परवा चहा पिता पिता सासूबाईंनी सांगितलं, "मुलगा न्यायला येतो म्हणतोय. तो म्हणतो, ती होती तोवर ठीक होतं, आता जावयाच्या घरी कशाला राहतेस."

वायरवाला म्हणाला, "बरं."

मनात बरंच काही होतं, पण तोंडातून बाहेर आलं ते एवढंच. सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि कप विसळायला घेऊन गेल्या. मुलगा आज संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता. सकाळी वायरवाला एकटाच निघालेला पाहून त्या म्हणाल्या, "वर लावणार, खाली येऊन बघणार, परत वर चढणार. गुडघ्यांना विचारलंय का? थांबा, मी येते. माझं भरायचं ते भरून झालंय."

तर वायरवाला कण्हत जिना उतरला. टेबल ओढून बाजूला केलेलं होतं आणि भिंतीपाशी बुटक्या स्टुलावर सासूबाई धाकटा घट्ट धरून बसल्या होत्या.

"तुमच्या आईंना आकडे फार छान दिसतात हो," काउंटरवरची बाई म्हणाली. "आमच्या डॉक्टरांनी तपासलं तर चष्मा काढूनच घेतील."

"आई नव्हे, सासू," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर विश्वास नाही."

वायरवाल्याने प्लग हातात घेतला, वरची रबरी टोपी मागे सरकवली आणि उजेडात धरला. पारदर्शक प्लगमधून तारा दिसत होत्या. पांढरी-नारिंगी पहिली आणि तपकिरी शेवटची, हा त्याच्या हाताचा क्रम. इथे तपकिरी पहिली होती आणि पांढरी-नारिंगी शेवटी. मधे एकही चूक नव्हती. अख्खी रांगच्या रांग उलटी उभी होती.

"हिची आहे," तो म्हणाला.

"कुणाची?"

"हिची. ही केबल तिने केलीय."

कामाचा त्यांचा एक नियम होता. ज्याची केबल त्याने तिची दोन्ही टोकं बसवायची, म्हणजे बिघडलं तर एकमेकांवर ढकलायला नको. आता दोन्ही टोकं सारखीच उलटी असली तर टेस्टरला काय पत्ता! दिवे सुरळीत लागणार, कॉम्प्युटरही बिनतक्रार चालणार. म्हणून इतक्या वर्षांत त्याला कधी टोपी सरकवून बघावंच लागलं नाही. आज त्याने वरचं टोक कापून आपल्या पद्धतीने बसवलं आणि घोडं अडलं.

"पण उलटं का केलं तिने?" सासूबाईंनी विचारलं. "चांगली हुशार होती."

"समोर बसून शिकली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी इकडे आणि ती तिकडे. माझी डावी ती तिची उजवी."

सासूबाई एकदम हसल्या. "अहो, विणकामही तसंच शिकली! माझ्यासमोर बसून. माझे टाके असे, तर हिचे तसे. शेजारी ये म्हटलं तर यायची नाही. म्हणायची, शेजारी बसलं की तुझं तोंड दिसत नाही."

"मी रागवायचो. तारांकडे लक्ष नाही तुझं, म्हणायचो."

"नसायचंच."

सासूबाईंनी हात पुढे केला आणि प्लग मागून घेतला. चष्म्याजवळ नेऊन त्यांनी तो बराच वेळ पाहिला. काउंटरवरच्या बाईला तेवढ्यात कुणाचं तरी नाव पुकारायचं होतं, ते तिने जरा हळूच पुकारलं.

"आता हे कापणार तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"हे नाही. वरचं माझं कापतो. तिच्यासारखं बसवतो."

"जमेल?"

"उलटं करायला काय लागतं?"

लागलं. इतक्या वर्षांची सवय, हात ऐकेना. पहिला प्लग त्याने नकळत सरळच बसवला आणि कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या वेळी तो रंग मोठ्याने म्हणत एकेक तार ओळीत लावत गेला. फोन चालूच होता.

"मंत्र म्हणताय का?" खालून आवाज आला.

"बघा आता."

"एक," सासूबाई म्हणाल्या. "दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. लागले हो, सगळे लागले!"

वायरवाल्याने पुढची केबल हातात घेतली, पण लावली नाही.

"आई."

"हं."

"तुम्ही संध्याकाळी..."

"हॅलो? आवाज गेला का?"

"नाही, आहे. परवा मी बरं म्हणालो ना..."

"म्हणालात."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, "हे असं फोनवर नको. खाली या."

तो पुन्हा उतरला. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांच्या पुढ्यात फरशीवरच बसला. सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढली होती, शर्टाची कॉलर आत दुमडली होती. कॉलर त्यांनी सरळ केली.

"मला वाटलं, तुम्हाला घर मोकळं हवंय," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हाला मुलाकडे जायचंय."

"तिकडे जायला मला निमित्त लागतं का? वाटलं तर चार दिवस जाईन, राहीन, येईन."

"म्हणजे राहताय ना?"

"तुम्ही राहा म्हणालात कुठे अजून?"

"राहा," वायरवाला म्हणाला. "ती नाही, म्हणजे तुम्हीही माझ्या कुणी नाही, असं असतं का आई?"

सासूबाईंनी मान वळवून नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहिलं. मग पदराने चष्मा पुसला आणि फोनवर मुलाचा नंबर लावला.

"हं, मी बोलतेय. गाडी काढू नकोस आज. बरी आहे रे. भांडण कसलं! तू म्हणालास ते कळलं मला, पण मी इथेच राहणार आहे. रविवारी या सगळे, जेवून जा. आता ठेव, कामावर आलोय आम्ही."

त्यांनी फोन ठेवला. "उठा," त्या म्हणाल्या. "फरशी गार आहे, गुडघे धरतील." आणि उठायला त्याला हात दिला.

तो जिना अर्धा चढला असेल नसेल, खिशातला फोन वाजला.

"लावली का?"

"अजून जिन्यातच आहे, आई."

"मग सावकाश चढा. मी आहे इथे."

फोन कानाशी तसाच धरून तो एकेक पायरी चढू लागला.